स्टँड-अपची बैठक

"ताई, वय ३४. हिंजवडी फेज दोनमध्ये एका कंपनीत टेस्टिंग लीड आहे. धायरीहून सकाळी पावणेआठची कंपनीची बस, घरी यायला रात्रीचे साडेआठ. वर्षभरापासून कंबर धरते, उजव्या खांद्यापासून मानेपर्यंत कुणी दोरी ओढून बांधल्यासारखं वाटतं. एमआरआय काढला, त्यात एल-४, एल-५ मध्ये 'डिस्क बल्ज' आलं. डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही, पण माझी झोप उडाली आहे. घरून कामाच्या दिवसांसाठी बावीस हजारांची खुर्ची घेतली, फरक शून्य. आता वर-खाली होणारं, उभ्यानं काम करायचं टेबल बघतेय, पंचेचाळीस हजारांचं. घ्यावं का? वजन ५२ किलो, त्यामुळे शुगर-बीपीचं टेन्शन नाही. रविवारी सिंहगड चढते. ऑफिसात उठून फिरावं तर चॅटवरचा, जागेवर असल्याचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि लगेच 'आर यू देअर?' येतं. माझ्या टीममधल्या पोरांचा पिवळा झाला की मलाही विचारावं लागतंच. बाबा पीएमटीत कंडक्टर होते, तीस वर्षं उभ्यानं काढली. ते म्हणतात, 'एसीत बसून पगार मिळतो, कंबर कसली दुखते तुमची?' त्यांना काय सांगू? — पाठमोरी, धायरी"

प्रिय पाठमोरी,

टोपणनाव झकास घेतलंयस. मी तुला अगं-तुगं करणार आहे, रागावू नकोस. माझ्या भाचीच्या वयाची आहेस, आणि दवाखान्यात पालथं झोपवलेल्या माणसाला अहो-जाहो करणं मला पंचवीस वर्षांत जमलेलं नाही.

आधी बाबांचं बघू. तू त्यांचा प्रश्न शेवटी, जाता जाता लिहिलायस. मला तो पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला, कारण बैठ्या कामाबद्दल आपल्याला जे काही कळलं, त्याची सुरुवातच मुळी एका कंडक्टरपासून झाली.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराचे रुग्ण का वाढताहेत, याचा ते शोध घेत होते. त्यांनी लंडनच्या लाल डबलडेकर गाड्यांवरची माणसं निवडली. एकाच डेपोतली, एकाच थरातली, एकाच धुरात श्वास घेणारी. फरक एवढाच, की ड्रायव्हर जवळजवळ अख्खी पाळी बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिन्यावरून सतत वर-खाली. दिवसाला पाच-सहाशे पायऱ्या सहज होत. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडलं, की कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळतो, आणि झालाच तरी त्यातून लगेच दगावण्याचं प्रमाणही कमी. पुढे मॉरिसना स्वतःलाच शंका आली, की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मग त्यांनी काय केलं असेल? गणवेशाच्या पँटची मापं काढली! ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी निघाली, अगदी तरुण वयापासून. म्हणजे सगळा दोष खुर्चीला देता येत नव्हता. पण कमरेच्या मापाचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरलाच. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

तर बाबांना म्हण, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच गाडीत पुढे, स्टिअरिंगमागे बसलं होतं. त्यांच्या जोडीला जे ड्रायव्हर आले, त्यातल्या किती जणांची कंबर निवृत्तीपर्यंत धड राहिली, एवढंच विचार. एसी असो की नसो, तू त्या गाडीतली ड्रायव्हर आहेस. आणि तुझी पाळी मी मोजली. पावणेआठ ते साडेआठ म्हणजे पावणेतेरा तास. त्यात चालणं कुठलं, तर बसपासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून खुर्चीपर्यंत आणि दुपारी कँटीन. नवले पुलापासून वाकडपर्यंत गाडी मुंगीच्या पावलानं सरकते तेव्हा तू मान खाली घालून फोन बघत असणार. हे तू लिहिलेलं नाहीस, पण मी त्या रस्त्यानं जाते. बसच्या खिडक्यांत ओळीनं माना खालीच दिसतात.

आता तो एमआरआय. तू रात्री उठून ते दोन इंग्रजी शब्द फोनवर शोधले असणार आणि तिथे ऑपरेशनची चित्रं बघितली असणार. ज्यांची पाठ कधीच दुखली नाही अशा माणसांचे एमआरआय तपासलेल्या अनेक अभ्यासांची एक बेरीज २०१५ साली प्रसिद्ध झाली. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) तुझ्यासारख्याच फुगलेल्या होत्या, तिशीतल्या सुमारे ४० टक्के, आणि ऐंशीच्या घरात तर ८४ टक्के. एकाचीही तक्रार नाही. डोक्यात पांढरा केस दिसावा तसं ते आहे. तुझ्या डॉक्टरांनी तुला खरं तेच सांगितलं. फक्त चार वाक्यं जास्त बोलले असते तर तुझी महिनाभराची झोप वाचली असती.

मग दुखतं कशानं? बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, एकाच कोनात राहिल्यानं. मोठ्या माणसाच्या मणक्यातल्या चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. आपण हललो, वाकलो, चाललो की तिच्यावरचा दाब कमी-जास्त होतो आणि स्पंज दाबून सोडावा तसं तिच्यातलं पाणी आत-बाहेर होतं. तीन तास न हलता बसल्यावर कमरेचे स्नायूही त्याच लांबीत आखडून जातात, आणि मग खाली पडलेलं पेन उचलताना कळ येते. दोष पेनाच्या माथी जातो, 'वाकताना उसण भरली' म्हणून. उसण तीन तास भरत होती गं.

म्हणूनच अमुक एक बसणं बरोबर आणि बाकीची चूक, असं मी आता सांगत नाही. शिकले तेव्हा सांगायचे. नव्वद अंशांत गुडघे, नव्वद अंशांत कोपरं, मान ताठ. तसं दोन तास बसलेला माणूस मी पाहिला आहे, भिंतीवरच्या तसबिरीसारखा. त्याचीही पाठ दुखत होती. मागे टेकून बस, पुढे सरकून बस, घरी असशील तर खुर्चीवरच मांडी घाल, पाय बदल. शरीराला बदल हवा असतो.

तुझ्या बावीस हजारांच्या खुर्चीबद्दल मात्र माझा एक संशय आहे. तू उंची लिहिलेली नाहीस, पण ५२ किलो म्हणजे पाच फूट, फार तर पाच-दोन धरते. घरी गेल्यावर एक कर. खुर्चीत अगदी मागे सरकून बस, पाठ टेकव, आणि सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात बोटं घालून बघ. दोन-तीन बोटं मावायला हवीत. मावत नसतील तर सीट तुझ्या मांडीपेक्षा लांब आहे. या खुर्च्या बऱ्याचदा पावणेसहा फुटी माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्यात पाच फुटांची बाई मागे टेकली की पाय लोंबकळतात, म्हणून ती नकळत पुढे सरकते, आणि बावीस हजारांची पाठ मागे रिकामी राहते. खुर्ची परत घेणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. कमरेमागे एक घट्ट उशी आण, आणि पायाखाली पाट. जेवायला बसायचा लाकडी पाट असतो ना, तोच. घरात नसेल तर आई माळ्यावरून काढून देईल. आजवर मी जितक्या पुण्यातल्या बायकांना पाट सांगितला, त्यातल्या निम्म्याजणींना महागडं 'फूटरेस्ट' हवं होतं.

खांद्याची दोरी उजवीकडेच का, याचंही उत्तर बहुधा टेबलावर आहे. मोठ्या लॅपटॉपला बऱ्याचदा उजवीकडे आकड्यांची बटणं असतात, त्यामुळे माऊस वीतभर लांब जातो आणि दिवसभर हात पसरलेला राहतो. कोपर बरगडीला लागेल इतका माऊस जवळ घे. लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर चढव, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे, आणि वेगळा कीबोर्ड लाव. साताठशेत येतो. बॅग त्याच खांद्याला अडकवत असशील तर तीही बदल. बसमध्ये स्वेटर किंवा ओढणी गुंडाळून कमरेमागे ठेव. हे सगळं करायला एक रविवारची सकाळ पुरते, त्यामुळे यावर जास्त शाई घालवत नाही.

टेबल घेऊ नकोस. निदान आत्ता नको. बसण्यापेक्षा उभं राहिल्यानं तासाला जेमतेम आठ-दहा कॅलरी जास्त जळतात, म्हणजे अर्धं मारी बिस्किटही नाही. आणि उभं राहणं म्हणजे हालचाल नव्हे. सुरुवातीचे पंधरा दिवस सगळे हौसेनं उभे राहतात, मग टेबलाचा वरचा कप्पा होतो आणि त्यावर इस्त्रीचे कपडे येतात. दिवसभर नुसतं उभं राहणाऱ्यांचे हाल वेगळेच असतात. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात काउंटरमागे असणाऱ्या बायकांना विचार. केरळमध्ये दुकानांतल्या बायकांनी कित्येक वर्षं भांडून २०१८ साली कायद्यानं बसायचा हक्क मिळवला, तमिळनाडूनं २०२१ मध्ये तसाच बदल केला. एकीकडे बसायला मिळावं म्हणून कायदा आणि दुसरीकडे उभं राहता यावं म्हणून पंचेचाळीस हजार. दोघींनाही खरं तर हवी असते ती उठ-बस आपल्या मर्जीनं करायची मुभा.

'बसणं म्हणजे नवं धूम्रपान' असं वाक्य तू ऐकलं असशील. तुमच्या ऑफिसच्या भिंतीवरही असेल एखादं पोस्टर. ते वाक्य अतिशयोक्त आहे. सिगरेटचा धोका कितीतरी पट मोठा, दोन्ही एका तागडीत घालू नयेत. पण बसणं निरुपद्रवी आहे असंही नाही. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये दहा लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून पाहिलेला अभ्यास आला. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा अकाली मृत्यूचा वाढीव धोका कुणाच्या बाबतीत दिसेनासा झाला? तर जे रोज तास-सव्वा तास दमसास लागेल असं चालत-हलत होते त्यांच्या. आणि तू करतेस काय, तर रविवारी सिंहगड. सिंहगड सोडू नकोस, हृदयाला आणि मनाला त्याचा फायदाच आहे (वर पिठलं-भाकरी असते, तिचाही आहे). पण सहा दिवस आखडलेली कंबर घेऊन सातव्या दिवशी गड चढायचा आणि सोमवारी अंग आंबलं म्हणून आणखी घट्ट बसायचं, हे गणित जमत नाही. मधल्या दिवसांत रोज अर्धा तास झपझप चालणं तरी घाल. बस एक स्टॉप आधी सोड. धायरी फाट्यावर उतरून चालत घरी जा, तसंही त्या शेवटच्या टप्प्यात चालणारा माणूस गाडीच्या आधी पोचतो.

'वजन ५२, म्हणून शुगरचं टेन्शन नाही', हे वाक्य मी दोनदा वाचलं. हे तू पुण्यात बसून लिहितेस म्हणून जास्त लागलं. आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर हयात घालवली आहे. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एकसारखा, २२.३. म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही छान सडपातळ. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपली घडण असते. म्हणून आपल्याकडे मधुमेह लवकर येतो आणि बारीक माणसालाही येतो. वजनकाटा बाजूला ठेव, शिंप्याची टेप घेऊन कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरची रेघ धरतात. आणि वर्षातून एकदा रक्तातली साखर तपास.

इथेच मधे मधे उठण्याचा खरा फायदा दिसतो. आपण बसलो की मांड्या-पिंढऱ्यांचे मोठाले स्नायू गप्प होतात, आणि जेवणातली साखर शोषणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. ऑस्ट्रेलियात २०१२ साली वजन जास्त असलेल्या मध्यमवयीन माणसांना गोड पेय पाजून पाच तास बसवून ठेवलं. दुसऱ्या खेपेला तेच, पण दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं रमतगमत चालवलं. जेवणानंतरच्या साखरेचा चढ सुमारे पाव हिश्शानं उतरला. दोन मिनिटं, तीही रमतगमत! तुझ्या आजीला हे कळायला ऑस्ट्रेलियाला जावं लागलं नव्हतं, ती रात्री जेवून अंगणात शतपावली घालायची. तू दुपारचा डबा खाल्ल्यावर घाल. तुमच्या त्या आवारात चकाचक फरशा आणि कारंजी असतात, तिथे दुपारी माळ्याशिवाय कुणी नसतं.

हे सगळं तुला थोडंफार माहीत असणार. माहीत असून होत का नाही, ते तू एका ओळीत लिहिलंयस: हिरवा ठिपका.

काही वर्षांपूर्वी खराडीतल्या एका कंपनीनं मला 'पाठीची काळजी' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. कॉन्फरन्स रूममध्ये चाळीसेक मुलं-मुली. विसाव्या मिनिटाला मी म्हटलं, चला, उठा सगळे, कमरेवर हात ठेवा आणि जरा मागे वाका. कुणी उठेना. चाळीस माना आधी पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाकडे वळल्या. तिथे त्यांचा मॅनेजर मांडीवर लॅपटॉप उघडून बसला होता. शांतता झाली म्हणून त्यानं वर बघितलं, गोंधळला, लॅपटॉप मिटला आणि उठला. मग धडाधड खुर्च्या सरकल्या. पाच मिनिटं नुसता हशा आणि हाडांचा कडकडाट. तो मॅनेजर काही दुष्ट नव्हता गं. त्याला कल्पनाच नव्हती, की त्याच्या बसण्यानं चाळीस माणसं बसून आहेत. तेव्हापासून कुठल्याही ऑफिसात खुर्चीची उंची बघायच्या आधी मी विचारते, तुमच्याकडे आधी कोण उठतं?

तुझ्या टीममध्ये तो कोपरा तू आहेस. 'मलाही विचारावं लागतंच' असं तू लिहून गेलीस. का लागतं? दहा मिनिटं कुणी जागेवर नव्हतं म्हणून तुझं टेस्टिंग कधी अडलंय का? अडलं असेल तर फोन आहे. तुझ्या साहेबाचा स्वभाव मला इथून बदलता येणार नाही, पण तुझ्या हाताखालच्या पोरांचा पिवळा ठिपका पूर्णपणे तुझ्या अखत्यारीत आहे. उद्या सकाळी सांगून टाक, की पंधरा मिनिटांच्या आत पिवळ्याबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही, तातडीचं असेल तर फोन करायचा. एवढं एक वाक्य.

आणि कधी सांगशील, तर सकाळच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या मीटिंगमध्ये. मला एका पेशंटनं हा प्रकार समजावून सांगितला तेव्हा मी खूप हसले. या मीटिंगचं नावच उभं राहणं. उभ्यानं घ्यायची म्हणजे पाय दुखतात आणि लोक थोडक्यात आवरतात, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात सगळे बसून घेतात, पाऊण तास चालते, आणि मराठीत तर आपण तिला 'बैठक'च म्हणतो. स्टँड-अपची बैठक! तुझी स्टँड-अप उद्यापासून खरोखर उभ्यानं घे. घरून असाल त्या दिवशीही. बाकीच्या अर्ध्या तासाच्या मीटिंगा पंचवीस मिनिटांच्या कर. कॅलेंडरमध्ये तशी सोय असते, एकदा बटण दाबलं की आपोआप पाच मिनिटं आधी संपतात. त्या पाच मिनिटांत पुढच्या मीटिंगची तयारी करायची नाही, बूड हलवायचं.

आता वरचा साहेब. त्याच्यापुढे पाठीचं गाऱ्हाणं घेऊन जाऊ नकोस, तो सहानुभूती दाखवेल आणि विसरेल. एक नेमकी गोष्ट सांग: मी दर अर्ध्या-पाऊण तासाला दोन-तीन मिनिटं उठणार आहे, फोन बरोबर असतो, काम अडणार नाही. परवानगी मागितल्यासारखं बोलू नकोस, कळवल्यासारखं बोल. त्यानं कपाळाला आठ्या घातल्याच तर मनात एक हिशेब ठेव. तुमच्या फ्लोअरवरची चार-पाच मुलं दिवसातून तीनदा खाली टपरीवर जातात, एक चहा आणि एक सिगरेट. दर खेपेला पंधरा-वीस मिनिटं. त्यांचा ठिपका कोण विचारतं? कुणी नाही, कारण तो रिवाज झालाय. अनेकदा साहेबही त्यांच्यात असतो. तू धूर न काढता साधारण तेवढाच किंवा त्याहून कमी वेळ मागतेयस.

उठायला निमित्त लागतं, हे खरं. टेबलावरची ती दोन लिटरची बाटली घरी ठेव आणि एक पेला आण. पेला संपला की उठावंच लागतं. आणि हे जरा आपल्या-आपल्यात. बस लांब, मीटिंगा सलग, म्हणून पाणीच कमी प्यायचं आणि लघवी दाबून ठेवायची, हे माझ्याकडे येणाऱ्या आयटीतल्या निम्म्या मुली करतात. तू करत असशील तर आधी ते थांबव. मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन सुट्टी घेशील, तेव्हा ठिपका तीन दिवस पिवळा राहील. ज्या फोनवर फक्त ऐकायचं असतं, तो चालत घे. दोन मजल्यांचं अंतर असेल तर जिना. उठलीस की कमरेवर तळवे ठेवून पाच-सहा वेळा हळूच मागे वाक, टाचा वीसेक वेळा उचल-टेक. कळ पायात उतरायला लागली तर मागे वाकणं बंद कर आणि कुणा फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखव. पत्रातून मला तुझी पाठ दिसत नाही.

दोन-तीन गोष्टी मात्र अशा आहेत, की त्या दिसल्या तर या सदराची वाट बघायची नाही. लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा बसायच्या जागी, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणं. पाऊल उचलता न येणं, चप्पल निसटणं. पाठदुखीबरोबर ताप किंवा आपोआप वजन उतरणं. यांतलं पहिलं असेल तर त्याच रात्री हॉस्पिटल. आणि एकाच पायाची पिंढरी सुजून गरम लागत असेल, दुखत असेल, तरी त्याच दिवशी दाखवायचं. रक्ताची गुठळी असू शकते.

साधारण सहा आठवडे हे कर. एकदम सगळं नको. या आठवड्यात ठिपका आणि पेला, पुढच्या आठवड्यात पाट, माऊस आणि दुपारची शतपावली. पंचेचाळीस हजार बँकेत राहू देत.

हे लिहिता लिहिता माझाच डावा पाय मुंग्या येऊन जड झाला. मधे उठून गॅलरीत चार चकरा मारल्या, कुंडीतली वाळकी पानं काढली, चहाचं आधण ठेवलं आणि परत बसले. चहा उकळून निम्मा झाला, ते निराळं.

आणि बाबांचं राहिलंच. तीस वर्षं धावत्या गाडीत उभं राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्यांवर बऱ्याचदा निळ्या, गाठाळलेल्या शिरा असतात, आणि घोट्यावरची कातडी काळवंडून खाजते. कंडक्टर होते म्हणून हृदय शाबूत असेल, पायांचं मात्र सांगता येत नाही. ते लेंगा घालत असतील, त्यामुळे तुला दिसलं नसेल. या रविवारी सिंहगडावर जायच्या आधी त्यांना लेंगा गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांग, आणि काय दिसतं ते मला कळव.

तुझी,
ताई